वसतिगृहातील इंटरनेटची नियमावली: सही करण्यापूर्वी काय विचारावे?

संशोधक विद्यार्थिनी:
नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका विद्यापीठात पीएच.डी. करते आणि वसतिगृहात राहते. या सत्रात इंटरनेटचे खाते चालू करून घ्यायचे असेल तर नऊ पानी इंग्रजी नियमावलीवर सही करून ती रेक्टरकडे द्यायची आहे. गेल्या वर्षी मी अशीच सही न वाचता केली होती. पुढे खोलीतील मैत्रिणीचे खाते बंद पडले म्हणून तिला माझा पासवर्ड दिला, तिने त्यावरून टॉरेंटने (अनेकांच्या संगणकांतून तुकड्यातुकड्याने फाइल उतरवण्याच्या पद्धतीने) एक मालिका उतरवली आणि दुसऱ्या दिवशी माझेच खाते बंद झाले. प्रगती अहवाल तोंडावर असताना पंधरा दिवस मी मोबाइलच्या डेटावर काम रेटले. चूक माझी होती हे मला मान्य आहे, पण माझी बाजू मांडायला मला कोणी बोलावले नाही, ही गोष्ट अजून मनाला लागून आहे.

या वेळी प्रत्येक कलम समजून घेऊनच सही करायची, असे आम्ही काही जणींनी ठरवले आहे. स्वतःचा राउटर लावण्यास मनाई का असते? ‘विद्यापीठ वापराची नोंद ठेवेल व तपासेल’ याचा अर्थ आमचे खासगी मेल वाचले जातील असा होतो का? आणि व्हीपीएनवर, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्या नेटवर्कमधून गुप्तपणे नेणाऱ्या सोयीवर, सरसकट बंदी योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

नेटवर्क सांभाळणारा:
मी बारा वर्षे एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळतो. आधी पासवर्डविषयी लिहितो, कारण तुम्हाला त्रास त्याचाच झाला. वसतिगृहातील शेकडो यंत्रे बाहेरच्या जगाला मोजक्याच आयपी पत्त्यांवरून (नेटवर्कवरील ओळख क्रमांकांवरून) दिसतात. बाहेरून तक्रार येते तेव्हा तिच्यात फक्त तो पत्ता, पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरील एकेक जोडणी ओळखण्याचा आकडा) आणि वेळ असते. आम्ही फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या दारावर येणारी-जाणारी जोडणी तपासणाऱ्या यंत्रणेच्या नोंदीत ती वेळ शोधतो आणि त्या ओळीवर ज्याचे खाते असेल त्याचे नाव आम्हाला मिळते. लॅपटॉपसमोर प्रत्यक्ष कोण बसले होते, हे त्या ओळीवरून कधीच कळत नाही.

राउटरचे म्हणाल तर मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. रात्री साडेदहाला दुसऱ्या मजल्यावरून फोन आला की वायफाय जोडलेले दिसते, पण नेट चालत नाही. जाऊन एका मुलाचा लॅपटॉप पाहिला, तर त्याला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला होता आणि आमचे सगळे पत्ते १० ने सुरू होतात. मग एकेक खोली पाहत गेलो. एका कॉटखाली घरून आणलेला पांढरा राउटर होता आणि भिंतीतून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून नेट आत घेण्याच्या खाचेऐवजी) लॅन पोर्टमध्ये (घरातील यंत्रे जोडण्याच्या खाचेत) घातलेली होती. त्यामुळे तो डबा सगळ्या मजल्याला स्वतःच पत्ते वाटत सुटला होता. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या खोलीत सिग्नल खरोखरच पोहोचत नव्हता. आम्ही केबल काढली आणि दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात वायफायचा सिग्नल देणारा आमचाच एक ॲक्सेस पॉइंट बसवला. नंतर असा परका राउटर पत्ते वाटू लागला की सगळ्या खोल्यांच्या केबली जोडणाऱ्या स्विचनेच त्याला अडवावे, अशी सोयही केली. नियमाच्या शेजारी त्याचे कारण दोन ओळींत लिहिलेले असते, तर त्याने राउटर लावण्याआधी आम्हाला सांगितले असते, असे मला मनापासून वाटते.

नोंदीत साधारणपणे खात्याचे नाव, यंत्राचा पत्ता, वेळ, कोणत्या संकेतस्थळाशी जोडणी झाली आणि किती डेटा गेला-आला एवढे असते. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मधला मजकूर सांकेतिक रूपात जातो. त्यामुळे तुम्ही जीमेल उघडले हे दिसते, पण मेलमध्ये काय लिहिले ते दिसत नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. विद्यापीठाचे स्वतःचे सर्टिफिकेट (फायरवॉलवर विश्वास ठेवायला लॅपटॉपला सांगणारी छोटी फाइल) तुमच्या लॅपटॉपमध्ये बसवायला सांगितले असेल, तर फायरवॉलला मधला मजकूरही उलगडून पाहता येतो. नियमावलीत हा शब्द आहे का, ते नक्की तपासा.

ग्रंथपाल:
पासवर्डच्या मुद्द्याला ग्रंथालयाची बाजू जोडते. संशोधन नियतकालिकांची एकत्रित वर्गणी भरणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. तुमचे खाते ही त्यांचीही किल्ली आहे. कोणी एकाच बैठकीत एखाद्या नियतकालिकाचे सगळे अंक डाउनलोड मॅनेजर लावून उतरवू लागले, तर प्रकाशकाची यंत्रणा त्या संस्थेचा सगळा पत्तासमूहच बंद करू शकते. २०१० मध्ये अमेरिकेत खुल्या ज्ञानाचे पुरस्कर्ते ॲरन स्वार्ट्झ यांनी एमआयटी या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जेस्टोर या शोधलेखांच्या ऑनलाइन संग्रहातले लेख मोठ्या प्रमाणावर उतरवले, तेव्हा जेस्टोरने काही दिवस अख्ख्या एमआयटीचा प्रवेश रोखला होता. ज्ञान खुले असावे या त्यांच्या आग्रहाविषयी मला आदर आहे, पण त्या दिवसांत अडकून पडलेल्या इतर संशोधकांचाही विचार मनात येतो. आपल्याला हवे तितके लेख वाचून, निवडून उतरवायला कोणतीही आडकाठी नसते.

व्हीपीएनबाबत एक खुलासा करते. घरून ग्रंथालयाची संसाधने वापरण्यासाठी विद्यापीठच व्हीपीएन किंवा इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्राचे ‘इन्फेड’ (संस्थेच्या खात्याने घरून प्रवेश करण्याची सोय) देते. बंदी बाहेरच्या व्हीपीएनवर असेल, तर नियमात तसे स्पष्ट लिहिलेले असावे.

कायद्याचा प्राध्यापक:
सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणून नोंद ठेवण्यालाच विरोध करण्यात अर्थ नाही. त्या नोंदी कोण पाहू शकतो, कोणाच्या लेखी आदेशाने पाहू शकतो आणि मुदत संपल्यावर त्या पुसल्या जातात का, हे मात्र विचारलेच पाहिजे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-क (इंग्रजीत 66C) दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यासाठी आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मैत्रिणीला विश्वासाने पासवर्ड देणे त्यात बसत नाही, तो विद्यापीठाच्या शिस्तीचा भंग ठरतो. नियमावलीत कलम ६६-अ चा (इंग्रजीत 66A, आक्षेपार्ह संदेश पाठवण्याला शिक्षा ठरवणारे कलम) उल्लेख आढळला तर तो वगळायला सांगा, कारण सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले आहे.

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहातील मोबाइलबंदीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण आधार म्हणून जरूर सांगता येईल. पंधरा दिवस खाते बंद ठेवायचे असेल, तर आधी लेखी कारण देऊन विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे कलम तुम्ही आग्रहाने मागावे. यंत्राला तातडीचा धोका असेल तर जोडणी लगेच तोडता येते, पण तो बचावाचा उपाय झाला. शिक्षा ही वेगळी बाब आहे.

संशोधक विद्यार्थिनी:
सर्वांचे मनापासून आभार. नियमावली पुन्हा काढून बसले, तर सहाव्या पानावर सर्टिफिकेट बसवणे बंधनकारक असल्याचे वाक्य सापडले. गेल्या वर्षीच्या प्रतीतही ते तसेच होते. आम्ही मराठीत अर्ज लिहिला आहे. नियमावलीचा मराठी अनुवाद, प्रत्येक मनाईमागचे कारण, नोंदी पाहण्याचा अधिकार कोणाला आहे याचा खुलासा आणि खाते बंद करण्याआधी सुनावणी, एवढे त्यात मागितले आहे. सर्टिफिकेटबाबत नेमके काय मागावे?

नेटवर्क सांभाळणारा:
बँका आणि आरोग्यविषयक संकेतस्थळे त्या तपासणीतून वगळण्याची सोय बहुतेक फायरवॉलमध्ये असते, ती चालू आहे का हे लेखी विचारा. शिवाय विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे सर्टिफिकेट नको, ते फक्त प्रयोगशाळेतील विद्यापीठाच्या यंत्रांवर असावे, अशी मागणी करा. आमच्याकडे आम्ही तसेच केले आहे.