फेडर खाली आणला तरी तबल्याच्या चॅनलचा लाल दिवा जात नाही

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असतो, साउंड मी बघतो. इतकी वर्षं ॲनालॉग मिक्सर होता, यंदा एक्स३२ हा डिजिटल मिक्सर भाड्याने आणलाय. जुन्यावर मीटर शून्याच्या आसपास खेळता ठेवायचा, हे हातात बसलेलं. इथे गायिकेचा आवाज छान येतोय, पण मीटर उणे १८ च्या वर जात नाही. वाढवू का? आणि तबल्याचा क्लिपचा, म्हणजे सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा सारखा लागतो, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) १० डीबी खाली घेतला तरी लागतोच. स्पीकरकडे जाणाऱ्या मेनचा मीटर मात्र हिरवा. खरं कुणाचं धरायचं?

चाट_आणि_शाई
दोन्ही मीटर खरं सांगतायत, पण वेगवेगळ्या जागेचं.

तबल्याचा दिवा प्रीअँप आणि एडीसीपाशी लागतोय, म्हणजे माइकचा सिग्नल आकड्यांत बदलतो तिथे. फेडर त्याच्या बराच पुढे. तिथे पोचेपर्यंत लाटेची टोकं छाटली गेलेली असतात, त्यामुळे फेडर ओढला की तोच फाटलेला आवाज हळू ऐकू येतो. मेन हिरवा असण्याचं कारणही तेच: तिथे कमी पातळीचा, पण आधीच बिघडलेला सिग्नल येतोय. वरचा गेन, म्हणजे माइकचा सिग्नल आत येतानाच वाढवणारी खुंटी, कमी करा. पुढे काहीही फिरवून उपयोग नाही.

ईक्यूने (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारी सोय) वाढवलेल्या आवाजामुळे चॅनल लाल होत असेल तर गोष्ट निराळी. एक्स३२ आतलं गणित ४० बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये करतो, त्यामुळे मधे कुठे पातळी शून्यापलीकडे गेली तरी बाहेर पडण्याआधी खाली आणता येते. ओळखायचं कसं? ईक्यू आणि कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) बंद करून बघा. तरीही लाल असेल तर गेनच जास्त आहे.

आता गायिकेबद्दल. वाढवू नका, अगदी जिथे हवा तिथेच आवाज आहे. जुन्या मिक्सरवरचं शून्य म्हणजे कामाची नेहमीची पातळी, बहुधा अधिक ४ डीबीयू (तारेतल्या सिग्नलचं माप), आणि तिच्या वर चांगली १८-२० डीबी जागा शिल्लक असायची. डिजिटलमधलं शून्य हे छत आहे, त्याच्यावर काहीच नाही. एसएमपीटीई या अमेरिकी संस्थेच्या पद्धतीत अधिक ४ डीबीयू म्हणजे उणे २० डीबीएफएस, म्हणजे त्या छताच्या २० डीबी खाली, धरतात. युरोपात ईबीयू ही प्रसारकांची संघटना उणे १८ ला नेहमीची पातळी मानते. म्हणजे तुमची गायिका जुन्या शून्याच्याच आसपास आहे. आवाज बारीक पडून खरखर वाढेल ही भीतीही नको. एका बिटामागे साधारण ६ डीबी, एडीसीच्या २४ बिटांचे कागदावर १४४, म्हणजे खरखरीचा तळ छताच्या इतका खाली. मांडवातले पंखे आणि लोकांची कुजबुज त्या तळापेक्षा कितीतरी वर असते.

तबल्याला मात्र वेगळा हिशोब लावा. चाटीवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ काही मिलिसेकंदांत टोक गाठून खाली येतो. जुन्या मिक्सरवरच्या व्हीयू मीटरची सुई ३०० मिलिसेकंदांच्या हिशोबाने हलते, ती या टोकाला पोचतच नाही, आणि आपला कानही त्या टोकाचा मोठेपणा धरत नाही. ऑर्गनचा धरलेला सूर आणि तबला कानाला सारखे वाटले, तरी टोकं दाखवणाऱ्या पीक मीटरवर तबला १० डीबी वर उडलेला दिसेल. तबल्याची टोकं उणे १० च्या आसपास ठेवा, मधली पातळी कितीही खाली दिसो.

साउंडचेकला तबलजी सूर लावत असतात तेव्हा गेन ठरवू नका. हातोडी गट्ट्यावर किंवा गजऱ्यावर बसली की दिवा लागतोच, त्याला अर्थ नाही. त्यांना विनंती करा, द्रुत लयीतला एखादा तुकडा पूर्ण जोरात वाजवा म्हणून. त्यावर गेन लावून आणखी ६ डीबी खाली घ्या. भरलेल्या मांडवासमोर हात जास्तच चालतो. हे सगळं आधीच उरका, कारण कार्यक्रम चालू असताना गेन उतरवला तर गायिकेच्या मॉनिटरमधला (तिला स्टेजवर ऐकू येणाऱ्या स्पीकरमधला) तबलाही तेवढाच उतरतो आणि तिचा ठेका सुटतो. मला ते कधीच चालत नाही.

दांडियाबाजार_बडोदे
कंप्रेसर लावून टोकं दाबता येणार नाहीत का? किंवा डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी लो-कट (खालचे जाड सूर कापणारी सोय)?

चाट_आणि_शाई
नाही. दोन्ही एडीसीच्या पुढे बसतात, फाटलेलं शिवता येत नाही. डग्ग्याचा माइक तोंडापासून जरा लांब आणि तिरका करा, बराच फरक पडतो.

रामबाग_इंदूर
केलं. गेन १२ डीबी उतरवला, फेडर वर घेतला. दिवा गेला आणि ‘तिरकिट’ आता सुटं ऐकू येतंय. मनापासून आभार दादा. एकच राहिलं: निवेदिकेचा कॉर्डलेस माइक जोरात बोलल्यावर फाटतो, पण त्या चॅनलचा मीटर उणे २० वर आहे, लाल कधीच होत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
मग आवाज मिक्सरच्या आधीच फाटतोय. हातातल्या ट्रान्समीटरची सेन्सिटिव्हिटी जास्त असेल. ती बहुतेक मॉडेलांत बॅटरीच्या झाकणाखाली किंवा मेन्यूत असते. ती कमी करा आणि मिक्सरचा गेन तेवढा वाढवा. खात्री हवी असेल तर त्या चॅनलचं यूएसबीवर रेकॉर्डिंग घेऊन लाट मोठी करून बघा. टोकं शून्यावर सपाट असतील तर मिक्सरच्या एडीसीने छाटली. उणे २० ला सपाट दिसली तर ती ट्रान्समीटरमधूनच तशी आली.