जुनं डिझेल इंजिन: नुसती चेन ओढून घ्यायची की पुढचं सगळं उघडायचं?

तेलकट बोटं
चार सिलिंडरचं जुनं डिझेल, दुपदरी टायमिंग चेन (खालचा क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, वरच्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, जिने फिरवतो ती), डिझेल पंपही त्याच चेनवर फिरतो. गार इंजिनाला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद पुढून खडखड येते, ऑइलचा दाब आला की गप्प. सकाळी पांढरा धूर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फशिवाय चालू होत नाही. मिस्त्री म्हणतो, जुन्या चेनला नवी जोडून वरूनच ओढून घेऊ, एका दिवसाचं काम.

मला हे पटत नाही. बदलायचं तर चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा), गाइड (चेन घासत जाते त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या), स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) सगळं एकदम, नाहीतर हातच लावू नये. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले असतील तर त्यांच्यावर नवी चेनही लवकरच जुनी होते. तुमचं काय मत?

मोजूनमापून
मत राहू द्या, आकडा सांगा. चेन किती वाढली आहे?

चेन वाढते म्हणजे लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत जरा जरा फट पडते. हिशोब करून बघा. एका कडीचं अंतर 9.525 मिमी आणि क्रँकच्या स्प्रॉकेटला 20 दात धरले तर क्रँकची एक फेरी म्हणजे 190.5 मिमी चेन. ताणाच्या बाजूच्या 50 कड्यांत प्रत्येकी 0.02 मिमी झीज झाली तरी 1 मिमी होतो, म्हणजे क्रँकवर जवळपास 2 अंशांचा फरक. तेवढा कॅम उशिरा, आणि तुमच्याकडे पंपही उशिरा. पांढरा धूर तिथूनही येत असेल.

व्हॉल्व्ह कव्हर काढा. कॅमची खूण जुळवा आणि क्रँकच्या पुलीवर बघा, शून्याच्या किती पुढे गेलीय. इंजिन फक्त चालायच्या दिशेनेच फिरवायचं. खूण चुकून पुढे गेली तर मागे आणू नका, ढिली बाजू बदलते आणि आकडा खोटा येतो. पुन्हा दोन फेऱ्या मारा.

जुनाट
मिस्त्रीच्या बाजूने बोलतो, कारण असं काम मी दोनदा केलंय. ‘अर्धवट इलाज’ म्हणणारे बहुतेक जण पुढचं कव्हर उघडल्यावर काय वाढून ठेवलेलं असतं ते विसरतात. बऱ्याच इंजिनांत त्या कव्हरची वरची कड हेड गॅस्केटला आणि खालची ऑइलच्या चेंबरला चिकटलेली असते. पुलीचा बोल्ट सुटता सुटत नाही. एखादा जुना बोल्ट आत तुटला की चेनचं काम बाजूला राहतं आणि बोल्टचं सुरू होतं.

ओढून घेताना हीटर प्लग (गार इंजिनात सिलिंडर तापवणारे) काढून ठेवतो, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि इंजिन पान्याने हाताने फिरतं. चेन कॅमच्या स्प्रॉकेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधायची, एक कापायची, पुढची बांधायची. खाली जाणाऱ्या भोकात फडकं कोंबायचं. पहिल्या वेळी मी कोंबलं नव्हतं. कडीची क्लिप आत पडली आणि चुंबक लावलेल्या तारेने ती काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

शंकेखोर
@जुनाट, काम छान सांगितलंत, पण गाइडचं काय? जुनं प्लॅस्टिक गरम तेलात राहून कडक होतं, तडकतं. तुकडे थेट चेंबरमध्ये जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. मग नव्या चेनला तेल कुठून मिळणार? आणि चेन दात सोडून उडाली तर? डिझेलात पिस्टन वर आला की हेडपर्यंत जेमतेम एखादा मिलिमीटर उरतो. व्हॉल्व्ह वाकणारच.

जुनाट
तडकली असतील तर उघडा, कोण नाही म्हणतंय? मी म्हणतो, आधी बघा. चेनच्या वाटेतून बारीक कॅमेरा आत सोडता येतो. चेंबरमधलं तेल काढून गाळा, प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर वाद मिटलाच.

चावीवाला
तिसरा मार्ग कुणी बोलेना. मर्सिडीजच्या ओएम 617 सारख्या जुन्या डिझेलांना कॅमच्या स्प्रॉकेटसाठी सरकवलेली अर्धचंद्र चावी (स्प्रॉकेट दांड्यावर अडकवून धरणारा छोटा तुकडा) मिळते. तीन-चार अंशांचा फरक तिने निघतो, चेनला हात लावायला नको.

मोजूनमापून
ती चावी कॅमपुरतीच. पंप त्याच झिजलेल्या चेनवर उशिरा चालत राहणार, त्याचं टायमिंग वेगळं लावावंच लागतं. आणि झीज थोडीच थांबते? कॅम जागेवर येतो, चेन तशीच जुनी.

सेल्फस्टार्ट
सगळे चेनच्या मागे लागलात. खडखड दोन-तीन सेकंदच आहे ना? हा टेन्शनरचाही खेळ असू शकतो. तो तेलाच्या दाबावर चालतो; तेल अडवणारी आतली बॉल गळते, रात्रभरात तेल उतरतं, सकाळी दाब येईपर्यंत चेन डुलते. आधी टेन्शनर बदलून बघा. एकच खबरदारी: दातेरी टेन्शनर नुसता ढिला करून परत आवळायचा नाही. दांडा एक दात पुढे येतो आणि मागे जात नाही, मग चेन अति ताणली जाते. पूर्ण काढून, दांडा परत बसवून मगच लावायचा.

तेलकट बोटं
मोजलं. पुली साडेपाच अंश पुढे. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच. @मोजूनमापून यांच्या हिशोबाने जवळजवळ 3 मिमी झाली म्हणायची, त्यामुळे नुसत्या टेन्शनरवर भागणार नाही. तेल गाळलं, प्लॅस्टिक नाही. कॅमेऱ्यात गाइडवर चेनच्या दोन रेघा खोल गेलेल्या दिसतात, पण तडा नाही. कॅमच्या स्प्रॉकेटचे दात अजून सरळ आहेत, क्रँकचं दिसत नाही.

म्हणजे ‘सगळं एकदम’ हा हट्ट मी सोडतोय, अर्धा तरी. चेन आणि टेन्शनर वरूनच, मग पंपाचं टायमिंग. क्रँकचं स्प्रॉकेट मात्र अजूनही डोक्यात आहे.

शंकेखोर
तेच तर. न दिसणाऱ्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवताय. मी असतो तर उघडलं असतं.

जुनाट
उघडा खुशाल. @तेलकट बोटं, शेवटची कडी क्लिपची घेऊ नका, रिव्हेटची घ्या, आणि पिनची टोकं हातोडीने ठोकू नका. रिव्हेट दाबायचं हत्यार मिळवा. मग हाताने पूर्ण दोन फेऱ्या मारून खुणा परत जुळवा, त्याआधी सेल्फला हात नको. आणि गाइडच्या त्या रेघा किती खोल आहेत, फोटो टाका जरा.