घरातल्या गोष्टी कर्णबधिर माणसाला सगळ्यात शेवटी कळतात, काय करावं?

एकत्र कुटुंब, एकच व्यक्ती कर्णबधिर. खुणांची भाषा बाकीच्यांना जेमतेम येते. आजारपण, कर्ज, मोडलेलं लग्न, सगळं तिला उशिरा कळतं. मुद्दाम कोणी लपवत नाही. जेवताना नेमकं काय बदलायचं?

प्रतिसाद १
मुद्दाम नसलं तरी परिणाम तोच. ऐकणाऱ्यांच्या कानावर दुसऱ्या खोलीतलं बोलणंही आपसूक पडतं. तिला मात्र सांगाल तेवढंच कळतं. ओठांवरून समजत असेल असं धरून चालू नका. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, म्हणजे ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ एकच. क आणि ग तर दिसतच नाहीत.

गोलात बसा. तिची पाठ खिडकीकडे हवी, म्हणजे उजेड बोलणाऱ्यांच्या तोंडावर पडतो. एका वेळी एकानेच बोलायचं, तेही आधी हात वर करून आणि तिची नजर वळेपर्यंत थांबून. तोंडात घास असताना बोलू नका. विषय बदलला की नवा विषय आधी खुणेने सांगा. सगळे हसले तर कशावर, ते तेव्हाच सांगा. ‘नंतर सांगते’ पूर्ण बंद करा. नंतर एका ओळीत उरकलं जातं आणि तोवर निर्णय झालेला असतो. याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

प्रतिसाद २
सगळे साइन करतात, म्हणजे खुणांच्या भाषेत बोलतात, त्या घरात अडचण उलटी असते: खाजगी बोलणं खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येतं. तिथे कुजबुजायचं म्हणजे हात कमरेजवळ, हालचाल लहान, अंगाचा आडोसा. आरशात, बंद टीव्हीच्या पडद्यावर, रात्री खिडकीच्या काचेत हात दिसतात हे विसरू नका. व्हिडिओ कॉलवर नाजूक विषय काढण्याआधी पलीकडे खोलीत अजून कोण आहे ते विचारा.

प्रतिसाद ३
घरातल्या लहान मुलांना दुभाषी करू नका, डॉक्टरकडे तर नाहीच. वाईट निदान मूल गाळतं किंवा सौम्य करून सांगतं, आणि मग ते त्यालाच लपवत बसावं लागतं. प्रशिक्षित दुभाष्यावर गुप्ततेचं बंधन असतं. त्याला डॉक्टरांशेजारी बसवा, म्हणजे दोघेही एका नजरेत येतात.

प्रश्नकर्ता
घरचे खुणा शिकेपर्यंत बोलणं ऐकून लिहून दाखवणारं अ‍ॅप चालेल?

प्रतिसाद १
दोघांत चालतं. चार जण एकदम बोलले की कोणाचं वाक्य कोणतं ते कळत नाही, नावं चुकतात. शिवाय जिची पहिली भाषा खुणांची, तिला लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. वाक्यं छोटी ठेवा. घरच्यांनी साइन शिकायला मात्र आत्ताच लागा. सुरुवात नात्यांच्या, आजाराच्या आणि पैशाच्या खुणांपासून करा.