रूपकुंडची गारपीट आता पुरे करावी का?

गिरीविहारी
उत्तराखंडात ५,०२९ मीटर उंचीवरचं रूपकुंड हे तळं. १९४२ साली वनाधिकारी मधवालांना तिथे सांगाडे दिसले, तेव्हापासून कारणं शोधणं चालूच आहे. २००४ च्या मोहिमेनंतर ‘सन ८५० च्या सुमारास यात्रेकरूंचा जथा गारपिटीत सापडला’ हे उत्तर रूढ झालं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये ३८ व्यक्तींचा जनुकीय अभ्यास आला. त्यात २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, १४ पूर्व भूमध्य भागातले (आजच्या क्रीट-ग्रीसच्या लोकांशी सर्वांत जवळचे) आणि एक आग्नेय आशियाई. पहिला गट सातव्या ते दहाव्या शतकातला, बाकीचे १५ जण त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी मेलेले. एका गारपिटीत हे सगळे कसे बसवणार? माझ्या मते हे उत्तर आता मोडीत काढावं.

अस्थिपंजर
‘सगळे एका गारपिटीत’ हे मोडीत निघालं, मान्य. ‘काही जण गारपिटीत’ हे कुठे निघालं? पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मानवशास्त्रज्ञ वाळिंबे यांनी कवट्यांवर नोंदवलेल्या इजा गोल, खोलगट आणि न भरलेल्या आहेत. ओल्या, म्हणजे जिवंतपणी किंवा मरतेवेळी फुटलेल्या हाडाच्या भेगेची कड तिरकी आणि गुळगुळीत असते, रंग बाकीच्या हाडासारखाच. वाळलेलं हाड नंतर फुटलं तर कड काटकोनात, खडबडीत आणि फिकट दिसते. काठ जराही भरून आला नसेल, तर इजा मृत्यूच्या वेळचीच.

आता गारेचं गणित. क्रिकेटच्या चेंडूएवढी गार साधारण १७० ग्रॅमची, म्हणजे वजनही जवळपास चेंडूएवढंच. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे अडथळा कमी आणि पडण्याचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या वर जातो. ताशी दीडशेच्या आसपास. वेगवान गोलंदाजाचा चेंडू, हेल्मेट नाही, आणि षटक संपतच नाही. वर आडोसाही नाही.

गिरीविहारी
गणित बरोबर आहे, पण अशा इजा किती जणांत? तीन! शेकडो सांगाड्यांच्या तळ्यात तीन डोकी फुटलेली, त्यावरून अख्ख्या जथ्याचा मृत्यू ठरवायचा? आणि वरच्या तीव्र उतारावरून घरंगळणारा गोटाही असाच खड्डा पाडतो. शिवाय पहिला गटही एकसंध नाही. त्यातल्या एकाची तारीख ६७५ ते ७६९, दुसऱ्याची ८९४ ते ९८५. दोन्ही ९५ टक्के खात्रीच्या मर्यादा, आणि एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत.

शंकेखोर
मुळात ते भूमध्य प्रकरणच मला पटत नाही. दशकानुदशकं ट्रेकर हाडं हाताळतायत, पिशवीत घालून नेतायत. परदेशी माणसाच्या हातचा डीएनए लागला नसेल कशावरून?

पिपेट
लागतो, म्हणून तर तपासतात. जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन हे डीएनएचं एक ‘अक्षर’ बिघडून थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखं वाचलं जातं, ताज्या डीएनएत ती खूण नसते. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच. तिथे दोन वेगळी रूपं दिसली की भेसळ पकडली जाते. आणि हातांचा डीएनए लागला असता तर प्रत्येक हाडात देशी-विदेशी खिचडी मिळाली असती. चौदा वेगवेगळी माणसं, कुणी कुणाचं जवळचं नातेवाईक नाही, तरी सगळी एकाच प्रदेशाकडे बोट दाखवतात, हे भेसळीतून होत नाही. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याची वेगळ्या वजनाची रूपं, ज्यांवरून आहार कळतो) तर डीएनएवर अवलंबूनच नसतात, आणि तेही हेच सांगतात: दक्षिण आशियाई गटात काहींच्या आहारात भरडधान्यं भरपूर, काहींच्या नाहीत, भूमध्य गटात ती जवळपास नाहीतच.

शंकेखोर
ठीक, भेसळ सोडली. मग नेमकं कोणतं साल? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चौदा ग्रीक हिमालयात आले तर कुठेतरी कागद नको का?

पिपेट
साल कार्बनवरून, म्हणजे हाडात उरलेल्या किरणोत्सारी कार्बन-१४ वरून, निघणार नाही. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बन-१४ चा आलेख वरखाली होतो, त्यामुळे एकाच मापनाला तीन-चार संभाव्य तारखा जुळतात. यंत्र कितीही अचूक आणा, उत्तर शतका-दीडशतकाच्या खाली येत नाही. तिथे कागदच लागेल, आणि तो न सापडणं म्हणजे माणसं नव्हती असं नाही.

अस्थिपंजर
यात एक गोची कुणी काढली नाही. डीएनए आणि तारखा बहुतेक लांब हाडांतून आल्या, हातापायांच्या. इजा कवट्यांवर. तळं जेमतेम चाळीस मीटरचं, दरडी आणि बर्फाने तळ ढवळलेला, कोणती मांडी कोणत्या डोक्याची हे जागेवरून सांगता येत नाही. म्हणजे फुटलेली डोकी नवव्या शतकातली की एकोणिसाव्या, हे या आकड्यांवरून ठरत नाही. आधी त्याच तीन कवट्यांच्या कानाजवळचं पेट्रस हाड घ्या. ते शरीरातलं सर्वांत घट्ट हाड, डीएनए तिथे उत्तम टिकतो. त्यातूनच वंश आणि तारीख दोन्ही काढा. तिन्ही एका काळातली निघाली तर गारपिटीला बळ; तीन वेगळ्या शतकांतली निघाली तर मी तुमच्या बाजूला.

गिरीविहारी
एका काळातली निघाली तरी दरड उरतेच. पण तारखा काढा, याला माझी हरकत नाही. फक्त कवटी कापण्याआधी पूर्ण सीटी स्कॅन करून ठेवा. गार की गोटा हा वाद त्या खड्ड्याच्या आकारावरच चालणार आहे, आणि कवटी हाताळताना खड्ड्याची कडच तुटली तर मोजायला काही उरणार नाही.