मिरियम सँटियागो: मार्कोसला नडलेल्या बाईने शेवटी त्याच्याच मुलाला सोबत का घेतलं?

कोकणकडा:
मॅगसेसे म्हटलं की आपल्याला १९८५ चे बाबा आमटे आठवतात. तीनच वर्षांनी, १९८८ ला, तेच मॅगसेसे फिलिपिन्सच्या मिरियम डिफेन्सर सँटियागो यांना मिळालं. इमिग्रेशन खात्याच्या कमिशनर झाल्या झाल्या बाई बनावट पासपोर्टवाल्यांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या, जिवे मारायच्या धमक्या आल्या तरी हटल्या नाहीत. त्याआधी १९८५ ला क्वेझॉन सिटीत जज असताना तर तिकडचा हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या आदेशाने आत टाकलेले विद्यार्थी आणि दिग्दर्शक लिनो ब्रोका यांची केस त्यांच्यापुढे आली. जामीन नाही, पोरांच्या परीक्षा तोंडावर, वर हुकूमशहा बसलेला. बाईंनी निकाल पोरांच्या बाजूने दिला! आणि याच बाई २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तेव्हा उपाध्यक्षपदाला सोबत कोण, तर त्याच मार्कोसचा मुलगा बाँगबाँग मार्कोस. मला हे अजून पचलेलं नाहीये.

सातारी_वकील:
बापाचं पाप मुलाच्या माथी का मारायचं? आणि बाईंनी एकटीने लढून बघितलंच होतं की. १९९२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुरुवातीच्या मोजणीत त्या पुढे होत्या, शेवटी फिडेल रामोस साधारण पावणेनऊ लाख मतांनी निवडून आले, तेही फक्त साडेतेवीस टक्के मतांवर. निकालाविरुद्ध दाद मागितली तर १९९६ ला सांगण्यात आलं की तुम्ही आता सिनेटर झालात, म्हणजे तुमचा दावा संपला. इतकं सोसल्यावर माणूस म्हणणारच ना की बाबा रे, गावोगावी माणसं असलेला कोणीतरी सोबत पाहिजे.

दावावची_डॉक्टर:
मी तेव्हा तिकडेच मेडिकलला होते. माझी रूममेट इलोइलोची, म्हणजे मिरियमच्याच गावची, मी तिला आते म्हणायचे (तिकडे ताईला आते म्हणतात). राइस कुकरला फोन टेकवून ती बाईंची सिनेटमधली भाषणं लावायची आणि भात होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या. लॅपटॉपवर मिरियमचा स्टिकर होता तिच्या. बाँगबाँगचं नाव जाहीर झालं त्या रात्री तिने तो नखाने खरवडून काढला, अर्धा निघाला, अर्धा तसाच राहिला. तिच्या मामाला थोरल्या मार्कोसच्या मार्शल लॉमध्ये (लष्करी कायद्यात) उचलून नेलं होतं. "बापाचं पाप" वगैरे लांबून बोलायला सोपं आहे हो, पण त्या मुलाने बापाच्या काळाबद्दल साधी माफीसुद्धा मागितली नव्हती.

नीलाक्षी:
तुमच्या रूममेटचं दुःख खरंच आहे, पण एका निर्णयावरून सगळी बाई मोडीत काढू नका. २०१२ चा प्रजनन आरोग्य कायदा बघा. आपल्याकडे लाल त्रिकोण एसटी स्टँडच्या भिंतीवरसुद्धा रंगवलेला असायचा, तिकडे सरकारी दवाखान्यात गरीब बाईला गर्भनिरोधक मिळावीत म्हणून वर्षानुवर्षं भांडावं लागलं, बिशप मंडळी उघड विरोधात. मिरियम आणि पिया कायेतानो या दोघींनी ते बिल सिनेटमध्ये लावून धरलं. मिरियम स्वतः कॅथलिक, पुढे मतं मागायची तीही कॅथलिकांकडेच, तरी मागे हटल्या नाहीत. माझ्यासाठी त्यांची खरी कमाई ही.

कोकणकडा:
कायद्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण निर्णय एकच चुकला असं नाहीये. जानेवारी २००१, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांच्यावरचा महाभियोग, बँक खात्याची कागदपत्रं असलेलं पाकीट उघडायचं की नाही यावर ११ विरुद्ध १० मतं पडली आणि न उघडणाऱ्या ११ मध्ये मिरियम होत्या. भ्रष्टाचाराविरुद्ध मॅगसेसे घेतलेल्या बाईने पाकीट बंद ठेवा म्हणायचं? लोक रस्त्यावर उतरले, एस्त्रादा गेले, आणि त्याच वर्षी बाईंची सीटही गेली.

सातारी_वकील:
महाभियोगात सिनेटर जज म्हणून बसतो. मूळ आरोपपत्रात नसलेला पुरावा घ्यायचा नाही ही कायद्याची बाजू होती, लोकांना आवडणारी नव्हती एवढंच. आणि २००४ ला त्याच लोकांनी त्यांना परत निवडून दिलं, तेही विसरू नका.

दावावची_डॉक्टर:
वकीलसाहेब, कायदा तुम्हाला जास्त कळतो, पण २०१६ चं गणित तरी कुठे जमलं? फुप्फुसाचा कॅन्सर, प्रचाराला धड फिरताही येत नव्हतं, पाचात पाचव्या आल्या, साडेतीन टक्केसुद्धा मतं नाहीत. बाँगबाँग मात्र उपाध्यक्षपदाला लेनी रोब्रेदोंच्या मागे फक्त अडीच-पावणेतीन लाखांनी राहिला आणि २०२२ ला थेट राष्ट्राध्यक्ष झाला. बाईंना काय मिळालं त्यातून? २९ सप्टेंबर २०१६ ला त्या गेल्या. आते त्या दिवशी ड्यूटीवरून आली, कोणाशी बोलली नाही, कुकर लावला आणि फोनवर त्यांचं जुनं भाषण लावलं. अर्धा स्टिकर तसाच होता लॅपटॉपवर.