शब्दचर्चा : ‘अ‍ॅडॉप्टर’ नेमका कोणता?

प्रश्न : दादरच्या आमच्या वाचनालयातील संगणकांसाठी मी मराठीत दुरुस्तीपत्रक लिहीत आहे. तेथील एक मॉनिटर 2560 × 1440 ठिपक्यांचा असूनही चित्र 1920 × 1080 च्या पुढे जात नाही. ‘आधी अ‍ॅडॉप्टर तपासा’ असे मी लिहिले, तेव्हा एका सहकाऱ्याने विजेचा ठोकळा काढून पाहिला आणि दुसऱ्याने केबलच्या टोकाची जोडणी. या शब्दाला प्रतिशब्द सुचवावा. ‘रिझोल्यूशन’ला ‘विभेदन’ म्हणावे का?

पहिले उत्तर : अडचण प्रतिशब्दाची नाही, एकाच शब्दाने तीन वस्तू दाखवल्या जातात याची आहे. तिसरा अर्थ आपल्या सहकाऱ्यांच्या नजरेतून सुटला. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’ या उपकरणांच्या यादीत ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे दिसत असेल तर कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) चालू नाही, असे समजावे. हा अर्थ जुनाच आहे, कारण आयबीएमच्या 1981 च्या ‘सीजीए’ कार्डाच्या नावातला ‘ए’ अ‍ॅडॉप्टरचाच होता. (1987 च्या ‘व्हीजीए’तला ‘ए’ मात्र ‘अ‍ॅरे’चा, जरी अनेकजण तोही अ‍ॅडॉप्टरचाच समजत असले तरी.) म्हणून पत्रकात कार्डाला ‘ग्राफिक्स कार्ड’ आणि विजेच्या ठोकळ्याला ‘पॉवर अ‍ॅडॉप्टर’ असे पूर्ण लिहावे. नुसता ‘अ‍ॅडॉप्टर’ केबलच्या टोकासाठी राखावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. यादीत कार्डाचे खरे नाव दिसते. संगणकाकडे एचडीएमआय जोडणी, मॉनिटरकडे जुन्या प्रकारची डीव्हीआय जोडणी आणि मध्ये लहानसा अ‍ॅडॉप्टर आहे.

दुसरे उत्तर : मग दोष बहुधा त्या टोकातच आहे. साधा अ‍ॅडॉप्टर तारा जशाच्या तशा पुढे जोडतो, काहीही बदलत नाही. एचडीएमआयमध्ये चित्राच्या माहितीसाठी तारांच्या तीन जोड्या असतात, अशा मॉनिटरला लागणाऱ्या ड्युअल लिंक (दुहेरी) डीव्हीआयमध्ये सहा, आणि उरलेल्या तीन जोड्या अ‍ॅडॉप्टर आणणार कोठून? सिंगल लिंकची, म्हणजे तीनच जोड्यांच्या डीव्हीआयची, ठिपके पाठवण्याच्या गतीची मर्यादा 165 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांच्या गतीने सुमारे 1920 × 1200. 2560 × 1440 ला त्याच गतीने सुमारे 241 मेगाहर्ट्‌झ लागतात. संकेतच बदलून देणारे उपकरण वेगळे, त्याला ‘कन्व्हर्टर’ म्हणणे योग्य, आणि मराठीच हवे असेल तर मला ‘दुभाष्या’ आवडेल, पण पत्रकात तो थट्टेचा वाटेल.

‘विभेदन’ मात्र टाळावे. दुर्बिणीत दोन जवळचे तारे वेगळे दिसण्याच्या क्षमतेला तो शब्द शोभतो. पडद्यावरचा आकडा हा केवळ ठिपक्यांची आडवी-उभी मोजणी आहे. ‘रिझोल्यूशन’च ठेवावे, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत त्याचा अर्थ ‘ठराव’ होत असला तरी.

एक व्यावहारिक सूचना : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘कन्व्हर्टर द्या’ एवढेच म्हटल्यास पुष्कळदा साधा अ‍ॅडॉप्टरच हाती येतो. संगणकाला डिस्प्लेपोर्ट ही जोडणी असेल तर ‘डिस्प्लेपोर्ट ते ड्युअल लिंक डीव्हीआय, अ‍ॅक्टिव्ह’ असे मागावे (‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे संकेत बदलून देणारा) आणि त्याला विजेसाठी यूएसबीची वायर आहे ना, हे दुकानातच पाहावे.