उणे पंधरात धनुष्य घेऊन हरणामागे जाणं बरोबर आहे का?

मचाणवाला

अमेरिकेतल्या मिनेसोटात धनुष्याने हरीण मारायचा सीझन सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो आणि ३१ डिसेंबरला संपतो. बहुतेक लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरातच मोकळे होतात, मी मात्र डिसेंबरात बसतो. परवा इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात यावरून चांगलंच वाजलं. एकाचं म्हणणं की उणे पंधराला बोटं चालत नाहीत तिथे बाण काय सरळ जाणार, उगाच जनावराचे हाल. दुसऱ्याचं म्हणणं शिकारच नको. तिथे गडबडीत नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, विरोधात असाल तर खुशाल लिहा.

नोव्हेंबरात नर माजावर असतो, कुठूनही कुठेही धावतो आणि धावत्या जनावरावर बाण सोडायचा मोह भल्याभल्यांना होतो. डिसेंबरात माज ओसरलेला असतो, नराचं वजन पार उतरलेलं असतं आणि सगळा कळप फक्त खाण्याच्या मागे असतो. कापणी झालेल्या मक्याच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतात सांडलेले दाणे शोधायला हरणं उजेड असतानाच बाहेर येतात, कारण रात्रीचा गारठा पडायच्या आत त्यांना पोट भरायचं असतं. वारा बघून शेताच्या कडेच्या झाडावर बसलं की जनावर थांबत थांबत, बर्फ उकरत, अगदी जवळून आडवं जातं. ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पातं) दोन्ही फुफ्फुसांतून गेलं की ते बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आत पडतं, आणि बर्फावर रक्ताचा माग स्वच्छ दिसतो.

माझ्या अटी आहेत. पंधरा मीटरच्या पलीकडे बाण नाही. साठ पौंड ताणाचं धनुष्य थंडीत पन्नासवर आणतो, कायद्याला तीस पौंड पुरतात. आणि सराव त्याच जाड जॅकेटात, परसात, उणे दहामध्ये उभं राहून. टीशर्टात केलेला सराव डिसेंबरात काही कामाचा नाही.

एकच_बाण

मीही धनुष्यवालाच आहे, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये. शिकारीला माझा विरोध नाही, तुमच्या डिसेंबरला आहे.

हिशोब बघा. बाण सेकंदाला साधारण ८० मीटर जातो, दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला ३२० मीटर. २५ मीटरवरच्या हरणाला आवाज पोचतो ०.०८ सेकंदात आणि बाण पोचतो ०.३१ सेकंदात. मधल्या पाव सेकंदात ते पळायची उडी घेण्यासाठी खाली दबतं आणि फुफ्फुसावर धरलेला बाण पाठीच्या वरच्या मांसात बसतो. १५ मीटरवर हे कमी होतं, मान्य, पण संपत नाही. त्यात डिसेंबरातलं जनावर सप्टेंबरपासून माणसांना चुकवत आलेलं असतं आणि थंडीत वारा पडला की हवा इतकी निःशब्द असते की झाडावरच्या स्टँडची (बसायच्या मचाणाची) बिजागरी कुरकुरली तरी त्याची मान वर होते.

आता माणसाचं. तीन तास न हलता बसल्यावर पन्नास पौंड खेचायचे म्हटले की आखडलेले खांदे ऐकत नाहीत, लोक धनुष्य आभाळाकडे करून ताणतात आणि हरणाला तेवढी हालचाल पुरते. तोंडावर लोकरीचा मास्क असला की गालावर दोरी टेकवायची जागा बदलते. फुगलेल्या बाहीला दोरी घासली की बाण डावीकडे गेलाच. जाड हातमोज्यात रिलीजच्या (दोरी सोडायच्या यंत्राच्या) घोड्याची जाणीव राहत नाही, तो मनात नसताना सुटतो.

मेरीलँडमधल्या नौदलाच्या एका तळावरच्या नोंदींचा अभ्यास २००८ साली आला होता. तिथे नेमबाजीची परीक्षा पास झालेल्यांनाच शिकारीला सोडायचे, तरी बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती लागली नाहीत. उणे पंधरात हा आकडा कमी होईल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

तुळशीपत्र

तुमची मीटर-सेकंदाची चर्चा वाचली. मला एवढंच सांगा, डिसेंबरात जी मादी तुम्ही मारता ती गाभण असते ना? नोव्हेंबरात माज, साधारण दोनशे दिवसांनी मे-जूनमध्ये पाडसं, म्हणजे तुमच्या बाणासमोर उभी असलेली मादी गाभणच. शिवाय उपाशी. अंगावरची चरबी जाळत ती एप्रिलपर्यंत तग धरायचा प्रयत्न करतेय आणि नेमकी दाण्यासाठी बाहेर आली म्हणून तुम्हाला सापडते. तिची भूक हीच तुमची सोय. फ्रीझर भरायला इथे दुकानं कमी आहेत का? मला हे कुठल्याच अटीवर पटत नाही.

वऱ्हाडातला

मी यवतमाळकडचा, शेती करतो, अमेरिकेतलं मला माहीत नाही. पण हरीण म्हटलं की सगळ्यांना फक्त डोळे दिसतात, पीक कोणाला दिसत नाही. आमच्याकडे रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्रीतून हरभरा साफ करतात, आम्ही थंडीत मचाणावर शेकोटी घेऊन रात्र रात्र जागतो आणि तेही फक्त हाकलायला. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं कारण त्याशिवाय काही उरलं नसतं, रोही-डुकरांसाठी परवानगीची तरतूद आहे पण कागद हलेपर्यंत पीक जातं. तिकडे सरकार मोजून किती मारायचे ते ठरवतं आणि लायसन्सचे पैसे त्याच खात्याला जातात असं ऐकतो, ते मला तरी शहाणपणाचं वाटतं. धनुष्य की बंदूक यात मी पडत नाही.

मचाणवाला

@तुळशीपत्र, गाभण असते, नाकारत नाही. पण ऑक्टोबरात मारलेली मादी नोव्हेंबरात गाभण राहिली असती, पुढच्या उन्हाळ्यातली पाडसं दोन्हीकडे सारखीच कमी होतात. उलट ऑक्टोबरात तिच्या मागे चार महिन्यांची पिल्लं फिरत असतात. हे मी कोरडेपणाने म्हणत नाहीये, मादीचं पोट मी स्वतःच्या हाताने साफ करतो, काय दिसतं ते मला माहीत आहे. १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत पाचेक लाख हरणं उरली होती असा अंदाज आहे, आज तीन कोटींच्या आसपास आहेत. दक्षिण मिनेसोटाच्या शेतीपट्ट्यात लांडगा जवळजवळ नाही. मग ही संख्या एक तर गाडीखाली कमी होते, नाहीतर रोगाने, नाहीतर आमच्याकडून. आणि धनुष्यावर जो ११ टक्के केंद्रीय कर बसतो तो वन्यजीवांच्या कामालाच जातो.

तुळशीपत्र

शेतीपट्ट्याचं एक वेळ समजू शकते. पण उत्तरेकडचं काय? तुमचंच डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) हिवाळा किती कडक ते मोजतं. पारा उणे १८ किंवा त्याखाली गेला की त्या दिवसाचा एक गुण, बर्फ पंधरा इंच किंवा जास्त असेल तर आणखी एक, सगळे मिळून १८० च्या वर गेले की तो हिवाळा हरणांना जड गेला असं धरतात. जड हिवाळ्यात पिल्लं मरतात हे तेच सांगतात. मग ज्या दिवशी तो गुण पडतो त्या दिवशी तरी धनुष्य खुंटीला राहू दे. कराचे पैसे चांगल्या कामाला जातात म्हणून त्या मादीचं मरण सोपं होत नाही.

क्रॉसबोवाला

मधेच बोलतो. २०२३ पासून मिनेसोटात धनुष्याच्या सीझनमध्ये सगळ्यांनाच क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून घोडा ओढायचं आडवं धनुष्य) चालायला लागला, आधी साठीच्या पुढच्यांना आणि अपंगांनाच होता. थंडीत ताणायचा प्रश्नच नाही, आधीच ताणून ठेवलेला असतो. एकच_बाण यांच्या अर्ध्या हरकती तिथेच संपतात, मग वापरा की.

एकच_बाण

खांदे आणि बाहीच्या हरकती संपतात, आवाजाची वाढते. क्रॉसबो कितीतरी जोरात वाजतो.

मचाणवाला, तुमच्या अटी प्रामाणिक आहेत हे मी मान्य करतो. पण तुम्ही पाळता म्हणून सगळे पाळतील असं नाही. सीझनच्या शेवटच्या शनिवारी टॅग (हरीण मारायच्या परवान्याची चिठ्ठी) खिशात तसाच असलेला माणूस पस्तीस मीटरवरूनही सोडतो. आणि रक्ताच्या मागाचं म्हणाल तर पोटात बाण लागला की रक्त फार सांडतच नाही, सहा-आठ तास थांबायला लागतं, रात्रीत बर्फ पडला की माग गेला, नाहीतर सकाळपर्यंत कोयोट्यांनी (कोल्ह्यासारख्या जनावरांनी) आटोपलेलं असतं. म्हणून माझी रेघ उणे दहाला. त्याखाली धनुष्य घरी.

मचाणवाला

रेघ असावी हे पटलं, आकडा नाही पटला. उणे अठरा आणि वारा पडलेला असेल तर मी दोन तास नीट बसू शकतो, उणे पाचला वायव्येचा वारा अंगावर असेल तर अर्ध्या तासात बोटं जातात. मी बसल्याजागी दर थोड्या वेळाने, आसपास काही नसताना, धनुष्य एकदा पूर्ण ताणून सावकाश सोडून बघतो. आभाळाकडे न करता, सरळ, न थरथरता ताणता आलं नाही तर हार्नेस (सुरक्षेचा पट्टा) धरून खाली उतरतो, समोर शेतात हरणं चरत असली तरी. तुळशीपत्र, तुम्ही म्हणता त्या १८० वाल्या हिवाळ्यात उत्तरेत मादी मारू नये, याला माझा पाठिंबा आहे. दक्षिणेत मात्र मी बसणार.